वकिलांचे अध्यक्ष कुठून येतात?

राज्य बार कौन्सिलची निवडणूक जवळ आली की माझ्या फोनची मेमरी भरते. एरवी बार असोसिएशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उद्या कोणते न्यायाधीश रजेवर आहेत, कुणाची फाइल चुकून कुणाच्या टेबलावर राहिली, एवढंच येतं. निवडणुकीत मात्र पोस्टर्स येतात. काळा कोट, पांढरा बँड, जोडलेले हात आणि खाली माणसाची अख्खी कारकीर्द चार ओळींत. 'माजी सरकारी वकील.' 'तीन वेळा बारचे अध्यक्ष.' 'नोटरी, भारत सरकार.' 'अखंड २८ वर्षं वकिलांच्या सेवेत.'

मी तालुका कोर्टात वकिली करते. सनद मिळून सहा वर्षं झाली. मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. मागच्या वेळी मी पहिली पसंती दिली ती आमच्या सरांनी सांगितलेल्या नावाला, आणि बाकीच्या ज्यांनी स्वतः येऊन चहा पाजला त्यांना. यंदा सरांना विचारलं, "सर, या चार ओळींतलं नक्की काय बघायचं असतं?"

सर पुढची तारीख डायरीत लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पक्षकार आला की तू पहिलं काय विचारतेस? जमीन कुणाकडून आली, हेच ना? मग इथंही तेच विचार. खुर्ची कुणाकडून आली?"

त्या दिवशी माझ्या दोन्ही केसेसना तारीख पडली होती. दुपार मोकळी होती. भारतीय विधिज्ञ परिषद, म्हणजे आपण सगळे जिला बार कौन्सिल ऑफ इंडिया म्हणतो, तिच्या अध्यक्षपदी कोण कोण बसलं आणि ते कुठून आले, हे मी शोधायला लागले. एका दुपारीत संपेल असं वाटलं होतं. आठवडा गेला.

सनद कुणाच्या हातात?

आधी हे पद महत्त्वाचं का, ते सांगते. वकिलाकडे दुकान नसतं, माल नसतो. एक कागद असतो, सनद. ती काढून घेतली की संपलं. त्यामुळे ती कोण देतं आणि कोण काढून घेऊ शकतं, यावर वकील किती निर्भयपणे बोलेल हे ठरतं. आणि वकील किती निर्भय आहे यावर त्याच्या मागे उभा असलेला पक्षकार किती सुरक्षित आहे हे ठरतं.

इंग्रजांच्या काळात सनद न्यायालयाच्या हातात होती. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा काढली, तेव्हा अहमदाबादच्या काही वकिलांनी तिच्यावर सह्या केल्या. तिथल्या जिल्हा न्यायाधीशांनी ही गोष्ट मुंबई उच्च न्यायालयाला कळवली आणि या वकिलांना नोटिसा गेल्या. शेवटी ताकीद देऊन सोडलं. पण निरोप पोचायचा तो पोचला: कोर्टाबाहेर कशावर सही करता, त्याचाही हिशेब सनदेशी लागू शकतो.

१९२६ साली इंडियन बार कौन्सिल्स अॅक्ट आला. त्यानं उच्च न्यायालयांजवळ बार कौन्सिलं निर्माण केली. सदस्य १५. त्यांत एक महाधिवक्ता, चार उच्च न्यायालयानं नेमलेले, आणि फक्त १० वकिलांनी निवडलेले. शिस्तभंगाच्या प्रकरणात अखेरचा शब्द उच्च न्यायालयाचाच राहिला. वकिलांना घराची चावी मिळाली होती, पण कुलूप दुसऱ्याचंच होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बार समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५३ साली आला आणि त्यावरून पुढे १९६१चा अॅडव्होकेट्स अॅक्ट झाला. प्लीडर, वकील, मुखत्यार अशी निरनिराळ्या दर्जांची जुनी उतरंड मोडून देशभर 'अॅडव्होकेट' हा एकच वर्ग आला. सनद द्यायचं आणि काढून घ्यायचं काम वकिलांच्याच परिषदांकडे आलं. राज्यांत राज्य परिषदा, त्यांच्यावर भारतीय परिषद. प्रत्येक राज्य परिषद आपला एक प्रतिनिधी दिल्लीला पाठवते. शिवाय देशाचे अॅटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल हे पदसिद्ध सदस्य असतात. हे सगळे मिळून अध्यक्ष निवडतात.

म्हणजे मी तालुक्यात '१' लिहिते तेव्हा ते मत तीन जिने चढून दिल्लीतल्या त्या खुर्चीपर्यंत जातं.

पहिले दोघे: सरकारचेच वकील

पहिले अध्यक्ष मोतीलाल चिमणलाल सेटलवाड. पहिले उपाध्यक्ष चंदर किशन दफ्तरी. १९६३ साली सेटलवाडांच्या जागी दफ्तरी अध्यक्ष झाले.

दोघांची कारकीर्द शेजारी शेजारी ठेवली तर जुळ्या भावांची वाटेल. दोघेही मुंबईच्या बारमध्ये घडलेले. सेटलवाडांचे वडील सर चिमणलाल हे मुंबईतले बडे वकील, जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीचे सदस्य. मोतीलाल स्वतः १९३७ ते १९४२ मुंबई प्रांताचे महाधिवक्ता आणि १९५० पासून १९६३ पर्यंत भारताचे पहिले अॅटर्नी जनरल. दफ्तरी त्याच काळात भारताचे पहिले सॉलिसिटर जनरल आणि १९६३ ते १९६८ अॅटर्नी जनरल.

थोडक्यात, वकिलांच्या स्वायत्त संस्थेचा अध्यक्ष सरकारचा सगळ्यात मोठा वकील आणि उपाध्यक्ष सरकारचा दुसऱ्या क्रमांकाचा वकील. हे वाचून मी जरा खट्टूच झाले. इतकी वर्षं भांडून सनद न्यायाधीशांच्या हातून सोडवली आणि नेऊन दिली कुणाकडे, तर सरकारी वकिलांकडे!

पण पुढे वाचलं आणि माझा निष्कर्ष डळमळला. सेटलवाड पहिल्या विधी आयोगाचेही अध्यक्ष होते. त्या आयोगाच्या १९५८च्या चौदाव्या अहवालात न्यायाधीशांच्या नेमणुकांत राजकीय आणि प्रादेशिक हिशेब शिरल्याबद्दल स्पष्ट टीका आहे, आणि ती लिहिणारा माणूस त्याच सरकारचा अॅटर्नी जनरल होता. त्याच वर्षी मुंदडा प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर मुंबईत उघडपणे चालली. आयुर्विमा महामंडळाचे पैसे एका उद्योगपतीच्या कंपन्यांत कसे गेले, याची ती चौकशी. सेटलवाड त्यात आयोगाला मदत करायला उभे राहिले आणि अर्थमंत्रालयाची बाजू सावरून घेण्याच्या फंदात पडले नाहीत. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

पुढे १९७३ साली ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीश नेमले गेले, तेव्हा निषेधाच्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांत छागला आणि पालखीवाला यांच्याबरोबर सेटलवाड आणि दफ्तरी हे दोघेही होते. सेटलवाड तेव्हा ऐंशीच्या घरात होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

तर सरकारी वकील असणं म्हणजे सरकारचा माणूस असणं नव्हे. पोस्टरवरच्या 'माजी सरकारी वकील' या शब्दांवरून काहीच कळत नाही. त्या पदावर असताना तो सरकारला काय म्हणाला, ते पोस्टरवर नसतं.

मग आला एक निर्वासित

यानंतरच्या नावांतलं एक नाव तुम्हाला माहीत असेल: राम जेठमलानी. आमच्या पिढीनं त्यांना टीव्हीवर पाहिलं ते म्हातारपणी, अँकरवर खेकसताना. त्यामुळे त्यांची आधीची कारकीर्द वाचताना मला नवीन माणूस भेटल्यासारखं झालं.

जन्म १९२३, सिंधमधलं शिकारपूर. कायद्याची पदवी सतराव्या वर्षी. सनदेसाठी किमान वय होतं २१. या पोरानं न्यायालयाकडे अर्ज केला, स्वतःची बाजू मांडली आणि अठराव्या वर्षी सनद मिळवली. म्हणजे आयुष्यातला पहिला युक्तिवादच सनदेसाठी. कराचीत बस्तान बसलं आणि फाळणी झाली. १९४८ साली दंगलींनंतर ते मुंबईत निर्वासित म्हणून आले. तेव्हाच्या मुंबई सरकारनं निर्वासितांवर बंधनं घालणारा कायदा केला होता. ज्याच्यावर ही बंधनं येत होती त्याच माणसानं त्या कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

मुंबईच्या बारमध्ये सेटलवाडांना वडिलांचं नाव होतं. जेठमलानींना सत्र न्यायालय होतं. १९५९च्या नानावटी खटल्यात ते मृत प्रेम आहुजाच्या बहिणीच्या वतीनं सरकार पक्षाच्या मदतीला उभे होते. पुढे स्मगलरांचे खटले चालवून त्यांनी नाव आणि बदनामी दोन्ही मिळवली. घटनापीठासमोर अनुच्छेदांवर बोलणारे वकील वेगळे आणि पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसाचा जामीन मागणारे वेगळे. जेठमलानी दुसऱ्या वर्गातले. आणीबाणी आली तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षपदी हा माणूस होता, सरकारनं नेमलेला नव्हे तर परिषदेनं निवडलेला.

तेव्हाचे कायदामंत्री होते ह. रा. गोखले. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. म्हणजे दोघेही एकाच इमारतीत वावरलेले.

जेठमलानींनी पंतप्रधानांवर जाहीर टीका केली. केरळमधल्या एका भाषणावरून त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट निघालं. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या बाजूनं नानी पालखीवाला यांच्या नेतृत्वाखाली तीनशेच्या वर वकील उभे राहिले. अटकेला स्थगिती मिळाली. मी आमची बार रूम डोळ्यांसमोर आणली. पन्नास खुर्च्या आहेत, त्यातल्या सात मोडक्या. तीनशे वकील एका वकिलासाठी उभे राहतात म्हणजे काय दिसत असेल?

पण ही स्थगिती टिकणार नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल दिला. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी म्हटलं. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोधी निकाल लिहिला. याच खटल्याच्या सुनावणीत खन्नांनी सरकारच्या वकिलाला विचारलं होतं की, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी चालू आहे तोपर्यंत नाही, या अर्थाचं उत्तर आलं. उत्तर देणारे होते अॅटर्नी जनरल नीरेन डे.

हे नाव लक्षात ठेवा. जबलपूरच्या निकालानंतर जेठमलानींना देश सोडावा लागला. ते उत्तर अमेरिकेत गेले.

एक छोटीशी दुरुस्ती

आता ज्या ओळीसाठी हा सगळा खटाटोप केला ती ओळ.

१९७६ साली अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये दुरुस्ती झाली. तिच्यात इतर बऱ्याच गोष्टी होत्या. मुंबई-कलकत्त्यात 'अॅटर्नी' म्हणून वकिलांचा जो स्वतंत्र वर्ग उरला होता, तोही तिनंच संपवला. कायद्याच्या परीक्षेत आम्हाला तेवढंच शिकवलं होतं. पण त्याच दुरुस्तीनं बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अध्यक्ष निवडण्याची पद्धत रद्द केली. अॅटर्नी जनरल हाच अध्यक्ष, पदसिद्ध. राज्यांत महाधिवक्ता हाच राज्य परिषदेचा अध्यक्ष.

कुणाला पकडलं नाही, परिषद बरखास्त केली नाही, कार्यालयाला टाळं ठोकलं नाही. अध्यक्ष कुठून येणार, एवढंच बदललं. जी खुर्ची परदेशात गेलेल्या जेठमलानींची होती ती आता कायद्यानंच अॅटर्नी जनरलची झाली. आणि तेव्हाचे अॅटर्नी जनरल होते नीरेन डे.

कागदावर पाहिलं तर काय वाईट होतं? पहिले अध्यक्ष सेटलवाड अॅटर्नी जनरलच होते. दफ्तरीही. मग फरक काय? मी सरांना हे विचारलं. सर म्हणाले, "सेटलवाड नको असते तर परिषदेला दुसरा निवडता आला असता. हा फरक." मला आठवडाभर जे सापडत नव्हतं ते सरांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि वर फाइल शोधायला पाठवलं.

१९७७च्या निवडणुकीत जेठमलानी वायव्य मुंबईतून उभे राहिले आणि निवडून आले. हरलेले उमेदवार होते कायदामंत्री ह. रा. गोखले. नवे कायदामंत्री शांती भूषण हे स्वतः आणीबाणीत स्थानबद्धांची बाजू मांडणारे वकील. त्याच वर्षी कायदा पुन्हा बदलला आणि अध्यक्ष निवडण्याचा अधिकार परिषदांकडे परत आला. अॅडव्होकेट्स अॅक्टची प्रत तुमच्याकडे असेल तर कलम ३चं पोटकलम ३-अ काढून बघा. १९७७च्या दुरुस्तीच्या वेळी जे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पदावर होते ते पदावर राहणार नाहीत, अशी तिथं तरतूद आहे. मी कॉलेजात ते पोटकलम 'परीक्षेला येत नाही' म्हणून गाळलं होतं.

निवडून आलेलाही चुकतो

गोष्ट इथं संपवली असती तर छान झालं असतं. निवडलेला अध्यक्ष चांगला, पदसिद्ध वाईट, टाळ्या. पण मग १९९४ येतं.

तेव्हा अध्यक्ष होते व्ही. सी. मिश्रा. अलाहाबाद उच्च न्यायालयातले तीस वर्षांहून अधिक काळ वकिली केलेले ज्येष्ठ वकील, तिथल्या हायकोर्ट बार असोसिएशनचे अध्यक्ष. बार रूममधून वर आलेला माणूस. आमच्या ग्रुपवर ज्यांची पोस्टर्स येतात, त्यांच्या कारकिर्दीशी सगळ्यात जास्त मिळतीजुळती कारकीर्द यांचीच.

मार्च १९९४ मध्ये एका सुनावणीत न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला आणि त्यावरून मिश्रांनी आवाज चढवला. न्यायमूर्तींची बदली करवू, महाभियोग आणू, अशी भाषा केल्याचा त्यांच्यावर ठपका आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ साली न्यायालयानं त्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं, सहा आठवड्यांची साधी कैद सुनावून ती स्थगित ठेवली, आणि तीन वर्षांसाठी त्यांची सनद निलंबित केली.

ज्या संस्थेनं वकिलांना शिस्त लावायची तिच्याच अध्यक्षाची सनद गेली. आणि ती काढली न्यायालयानं, म्हणजे गाडी पुन्हा १९१९च्या स्टेशनात. म्हणून सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन या निकालाविरुद्ध गेली. १९९८ साली घटनापीठानं सांगितलं की अवमानाची शिक्षा न्यायालय देऊ शकतं, पण त्या शिक्षेचा भाग म्हणून सनद निलंबित करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. ते काम बार कौन्सिलचं. एका माणसाच्या वागण्यानं जी गोष्ट हातची जात होती ती तीन वर्षांनी कशीबशी परत आली.

वकिलांनी निवडून दिलेला माणूस कोर्टात गरजतो तेव्हा बार रूममध्ये टाळ्या पडतात. पण जेठमलानींच्या आवाजामागे उचलून नेलेले, ज्यांना वकील मिळत नव्हता असे लोक होते. इथं आवाजामागे कोण होतं? अध्यक्षपदाचा रुबाब. दोन्ही आवाज पोस्टरवर 'झुंजार' या एकाच शब्दात बसतात.

यादीत कोण नाही

अगदी अलीकडे आलं तर यादी पुन्हा बदलते. २०१०च्या सुमारास गोपाल सुब्रमण्यम अध्यक्ष होते, तेव्हाचे सॉलिसिटर जनरल. त्यांच्या काळात अखिल भारतीय बार परीक्षा ठरली आणि पहिली परीक्षा २०११ साली झाली. माझ्या पिढीच्या प्रत्येक वकिलानं ही परीक्षा दिली आहे. त्यानंतर दीर्घकाळ अध्यक्षपदी राहिलेले मनन कुमार मिश्रा हे पाटणा उच्च न्यायालयातले वकील. अध्यक्ष असतानाच २०२४ साली ते बिहारमधून भाजपचे राज्यसभा सदस्य झाले. खुर्ची कुणाकडून आली हे विचारताना आता हेही विचारावं लागतं, की खुर्चीवर बसलेला इथून कुठे निघालाय?

आणि या यादीत आजवर एकाही बाईचं नाव नाही. स्त्रियांना वकिलीचा रस्ता मोकळा करणारा कायदा १९२३ सालचा. शंभर वर्षं उलटून गेली. ज्युनियर म्हणून खोली कुणाकडे मागायची, बाळंतपणात तारखा कोण सांभाळणार, कोर्टाच्या आवारात स्वच्छतागृह कुठे आहे, हे प्रश्न ज्यांच्या कारकिर्दीत कधी आलेच नाहीत अशाच लोकांनी आमचे नियम लिहिले आहेत.

पैशाचंही तेच. कायद्यानं सनदेचं शुल्क ठरवलेलं आहे: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५. पण राज्य परिषदा निरनिराळ्या नावांखाली जादा पैसे घेत राहिल्या. काही राज्यांत ही रक्कम १५ हजारांच्या पुढे गेली होती. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे बंद करायला सांगितलं. आपल्याच नव्या मुलांच्या खिशातून कायद्यापेक्षा जास्त काढू नका, हे वकिलांच्या परिषदांना न्यायालयानं सांगावं लागलं. पहिल्या वर्षी ज्युनियरला काय मिळतं, हे ठाऊक असलेलं कुणीतरी त्या टेबलाशी बसलेलं असायला हवं होतं.

आठवडा संपला. मी पोस्टर्स पुन्हा उघडली. कारकिर्दीच्या त्याच चार ओळी, पण आता मी त्यांच्याशेजारी वहीत प्रश्न लिहीत होते. सरकारी वकील होतात, तर सरकारच्या कोणत्या चुकीला चूक म्हणालात? तीन वेळा बारचे अध्यक्ष होतात, तर किती वेळा संप केलात आणि त्यातला पक्षकारांसाठी कोणता? तुमच्या ऑफिसात ज्युनियर मुली किती, आणि त्यांना महिन्याला काय देता?

दुसऱ्या दिवशी एक उमेदवार बार रूममध्ये आले. हात जोडले, चहा मागवला. मी वही काढली आणि तिसरा प्रश्न विचारला. ते हसले, मग इकडंतिकडं पाहिलं, मग म्हणाले, "ताई, हे प्रचारात कुणी विचारत नाही."

"पण मी विचारतेय, सर," मी म्हटलं.

त्यांनी उत्तर दिलं. आकडा छोटा होता, पण खरा वाटला. मी तो वहीत लिहून घेतला. मागच्या बाकावर बसलेल्या दोन ज्युनियर मुलींनी आपापले फोन खाली ठेवले होते.